चार सूत

सोमवार, दि. २ फेब्रुवारी

मी, या वहीचा मालक, वय वर्षे एकोणऐंशी पूर्ण, धंदा सुतारकाम, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, वर्गात दुसरा (पहिला आला तो मास्तरांचा भाचा होता), राहणार स्वतःच्या घरात, असे लिहून ठेवतो की येथे जे लिहीन ते खरे लिहीन. नाव लिहीत नाही. वही माझी आहे, तिला ठाऊक आहे.

वही नातीने आणून दिली. म्हणाली, "आजोबा, दिवसभर मनातल्या मनात भांडता, त्यापेक्षा लिहीत जा." मी भांडत नाही. लोकांच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करतो. त्या संपत नाहीत, हा माझा दोष नव्हे.

नात म्हणजे चिरंजीवांची मुलगी. चिरंजीवांशी माझे बोलणे नाही. अकरा वर्षे झाली. कारण पुढे लिहीन.

आज ती दार मागायला आली होती. तिची हौशी नाटकमंडळी आहे. माणसे दिवसा आपापले कामधंदे करतात, संध्याकाळी एकत्र जमून रडतात आणि त्याला शोकांतिका म्हणतात. या खेपेस नाटक तिने स्वतः लिहिले आहे, पण प्राचीन ग्रीक लोकांच्या पद्धतीने. त्यांच्या नाटकात म्हणे मधोमध राजवाड्याचे मोठे दार असते. खून, आत्महत्या, जे काय व्हायचे ते दाराच्या आत. बाहेर फक्त बातमी येते. अगदी शेवटी दार उघडते आणि चाके लावलेल्या गाड्यावरून प्रेत बाहेर ढकलतात.

मी विचारले, मग इतका वेळ लोक समोर बसून पाहतात तरी काय?

"दार," ती म्हणाली.

असे असेल तर ग्रीक लोक शहाणे होते. दार करून देतो म्हणालो.

बुधवार, दि. ४

नातीने नाटक वाचून दाखविले. एक राजा असतो. त्याचे लोक समुद्रापलीकडची लढाई हरून, त्याला न विचारता परत येतात. राजा बंदराच्या तोंडावर साखळी ओढून घेतो. माफी मागितल्याशिवाय गलबत आत येणार नाही, असा हुकूम. गलबतावर त्याचाच मुलगा. तोही माफी मागत नाही. मग वादळ येते. आंधळा ज्योतिषी सांगतो, साखळी सोड. गावातले आठ म्हातारे एका सुरात सांगतात, साखळी सोड. (या आठांना कोरस म्हणतात. काम काही नाही, उपदेश अखंड. असे आठ आमच्या गल्लीतही आहेत.) राणी सांगते. राजा कोणाचेच ऐकत नाही. शेवटी ऐकतो, तोवर गलबत खडकावर फुटलेले असते आणि आत राणीने जीव दिलेला असतो. दार उघडते, गाडा येतो, संपले.

नातीने समजावून सांगितले की असल्या नाटकांतला मुख्य माणूस वाईट नसतो. उलट मोठा असतो, कर्तबगार असतो. त्याच्या हातून एक चूक होते, आणि हट्टी असल्यामुळे ती त्याला दिसत नाही. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

मी म्हणालो, त्याला हट्ट म्हणत नाहीत, तत्त्व म्हणतात.

"फरक काय, आजोबा?"

फरक मी तिला नीट समजावून सांगितला. ती हसली. मी पुढे विचारले, राजाने दिलेला हुकूम मागे घेतला तर उद्या त्याला कोण विचारील? ती म्हणाली, "आणि नाही घेतला तर परवा विचारायला कोण उरेल?" शिकलेल्या मुलींना उत्तरे फार लवकर सुचतात.

राणीला संबंध नाटकात तीन वाक्ये आहेत. हे मी आमच्या मंडळींना, म्हणजे नातीच्या आजीला, सांगितले. त्या भाजी निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "तिला तीन तरी आहेत."

गुरुवार, दि. ५

दार प्लायवूडचे करा, वर कापड ताणा, रंग मारा, असे नातीच्या मंडळींचे म्हणणे. मी खोटे दार केलेले नाही आणि करणार नाही. विषय संपला.

रविवार, दि. ८

आमच्या मंडळी दर रविवारी चिरंजीवांकडे जातात. आज परतल्या त्या हातातली पिशवी खाली न ठेवताच बोलू लागल्या. चिरंजीवांनी आपला छोटा कारखाना बंद केला. दूरच्या शहरात फर्निचरच्या मोठ्या कारखान्यात त्यांना जागा मिळाली आहे. तेवीस तारखेला, सोमवारी सकाळी, बिऱ्हाडासह निघणार. नात तेवढी नोकरीसाठी मागे राहील.

मी म्हणालो, बरे आहे.

"मीही जाणार आहे त्यांच्याबरोबर."

किती दिवस, असे विचारले. बघू म्हणाल्या. माझ्या जेवणाचे काय, असे विचारले. चोपन्न वर्षांच्या संसारात हा प्रश्न गैरवाजवी नाही.

"तुम्ही आणि तुमची पट्टी, दोघं सुखानं राहा." मग पिशवी खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तो जायच्या आत एकदा बोला त्याच्याशी. मग मी कुठेच जात नाही."

मी सांगितले, आधी त्याने बोलावे. काय बोलावे तेही त्याला अकरा वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

आता कारण लिहितो. एका शाळेच्या चौदा दारांचे काम होते. तोपर्यंत माप मी घेत असे आणि लाकूडही मीच कापत असे. त्या वर्षी गुडघा धरला, म्हणून माप घ्यायला चिरंजीवांना पाठविले. ते पोलादी टेप घेऊन गेले, आकडे लिहून आणले. मी माझ्या पट्टीने आखले, कापले, जोडले. चौदाच्या चौदा दारे चार सूत आखूड आली. सुतारकाम न करणाऱ्यासाठी लिहितो: आठ सूत म्हणजे एक इंच. सात फुटी दारावर अर्धा इंच उजेड दिसला, म्हणजे सुताराने तोंड लपवावे.

कंत्राटदार आणि आठ कामगार यांच्यादेखत मी चिरंजीवांना सांगितले की माप चुकीचे आणले, चूक कबूल कर. ते म्हणाले, "बाबा, तुमची पट्टी एकदा तपासा." माझी पट्टी! वस्तादांनी स्वतःच्या हाताने मला दिलेली, काळ्याभोर लाकडाची, दोन फुटी. मी म्हणालो, ही पट्टी तपासणारा अजून जन्मायचा आहे. दारांना वर चार सुतांची लाकडी चीप ठोकून देतो, असेही ते म्हणाले. मी ठिगळ लावीत नाही. चौदाही नवी केली, आणि त्या वेळी माप मी स्वतः लंगडत जाऊन घेतले. चपखल बसली. चिरंजीव दुसऱ्या दिवशी वेगळे झाले.

तेव्हापासून माप मी घेतो आणि कापतोही मी. अकरा वर्षांत एक दार आखूड आलेले नाही. यावरून चूक कोणाची होती ते सिद्ध होते.

मंगळवार, दि. १०

दाराला सुरुवात केली. जुन्या कपाटाच्या भरीव फळ्या होत्या, त्या काढल्या. सात फूट उंच, चार फूट रुंद, दोन झडपा. चौकट दुसरीकडे तयार होत आहे, म्हणून माप नातीने कागदावर लिहून आणले. माप कोणी घेतले, असे विचारले. "आमच्यातल्याच एकानं," म्हणाली. मला ते पसंत नव्हते, पण नाट्यगृहाच्या पायऱ्या माझ्या गुडघ्याला पसंत नाहीत.

रंधा मारताना मंडळी दोनदा दारापर्यंत येऊन गेल्या. चहा ठेवला. बोलल्या नाहीत. त्यांची तीन वाक्ये रविवारीच संपली असावीत.

शुक्रवार, दि. १३

तालीम पाहिली. नात आणि कोरसमधला एक म्हातारा, असे दोघांनी धरून मला पायऱ्या चढविल्या. राजा झालेला गृहस्थ दाताचा डॉक्टर आहे. आवाज चांगला, पण समोरचा बोलत असला की त्याच्या तोंडात पाहत राहतो. ज्योतिषी पोस्टात आहे. आंधळा म्हणून चालताना तो रोज त्याच खुर्चीला अडखळतो. एवढे भविष्य तरी त्याला दिसायला हरकत नव्हती.

राजाच्या तोंडी एक वाक्य आहे: "माझे माप चुकत नाही, जग वाकडे आहे."

मी नातीकडे पाहिले. ती वहीत काहीतरी लिहीत होती. लिहिण्यासारखे तेव्हा काहीही चालले नव्हते.

रविवार, दि. १५

दार नेले. चौकट उभी होती. काम स्वच्छ, कोपरे गुण्यात, म्हणजे अगदी काटकोनात, हे मी पाहताक्षणी कबूल केले. माझा स्वभाव न्यायी आहे. बिजागऱ्या बसविल्या, झडपा टांगल्या, बंद केल्या.

वर चार सूत फट. मध्ये दोन सूत.

नेहमीची मोकळीक सोडून वर एवढी! फटीतून पलीकडचा दिवा दिसत होता. दाताचे डॉक्टर वाकून म्हणाले, "आजोबा, अशी फट असली की मी सिमेंट भरतो." कोरस हसला. आठही एका सुरात. तालीम चांगली झालेली आहे.

मी सगळ्यांसमोर विचारले की चौकट करणाऱ्याला आकडे तरी वाचता येतात काय? असल्या माणसाला रंधा नव्हे, झाडू द्यावा. आणखीही बोललो. डॉक्टरांनी पोलादी टेप आणून चौकट मोजली. कागदावरच्या मापाशी केसाचाही फरक नाही. मग ते टेप घेऊन माझ्या दाराकडे वळले. मी म्हणालो, दाराला हात लावू नका.

नात मला बाजूला घेऊन गेली. "आजोबा, चौकट बाबांनी केली. गाडाही त्यांनीच केला. मापही त्यांचंच. आधी सांगितलं असतं तर दार केलं असतंत?"

नाही म्हणालो.

"मग काय करणार होते मी?"

सोमवार, दि. १६

कोणाशी बोललो नाही. कोणी बोलायलाही आले नाही. सोयीचे झाले.

मंगळवार, दि. १७

मंडळी शेजारी गेल्या असताना खालचा खण उघडला. चिरंजीवांची पोलादी टेप अकरा वर्षे तेथेच पडून आहे. वेगळे होताना ते ती विसरले, किंवा ठेवून गेले. मी तिला कधी हात लावला नव्हता.

पट्टी बाकावर ठेवली. तिच्याशेजारी टेप धरली. चष्मा पुसून पुन्हा धरली. उजेडात नेऊन तिसऱ्यांदा धरली.

एक फूट, अकरा इंच, सात सूत.

दोन फुटांना एक सूत कमी. सात फूट आखायचे म्हणजे पट्टी चार वेळा ठेवावी लागते. चार सूत. रुंदीला प्रत्येक झडपेत एक, म्हणजे मध्ये दोन. हे गणित चौथीचे आहे.

ज्यांनी माप घेतले आणि ज्यांनी कापले ते एकच गृहस्थ असले, पट्टीही तीच असली, तर दार नेहमी चपखलच बसणार. अकरा वर्षे माझ्या चुकीला माझीच चूक साक्ष देत होती, आणि मी ती साक्ष ग्राह्य धरीत होतो.

आणखी एक लिहितो, कारण सुरुवातीस खरे लिहीन असे म्हटले आहे. शाळेच्या कामाच्या आदल्या आठवड्यात पट्टी बाकावरून फरशीवर पडली होती. टोकाचे पितळ निघाले, लाकडाच्या ढलप्या निघाल्या. मीच कानस घेतली आणि टोक साफ केले. छान गुण्यात साफ केले. तेव्हा मनात आले होते की सूतभर गेले असेल. आणि सूतभराने काय होते, असेही मनात आले होते.

बुधवार, दि. १८

मंडळींना सांगितले. माझी अपेक्षा होती की त्यांना धक्का बसेल. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. शिवणाच्या टेपनं मी तेव्हाच मोजली होती."

मग सांगितले का नाही?

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, बायकांचा टेप कापडी असतो, ताणतो."

म्हणालो असेन. कापडी टेप ताणतोच. पण ताणलेल्या टेपने पट्टी आखूडच मोजली जाते, आणि ती खरोखरच आखूड होती. पोलादी टेपने पडताळायचे तेव्हा सुचायला हवे होते.

म्हणजे मंडळींना ठाऊक होते. चिरंजीवांना ठाऊक होते. कामगारांपैकी एकदोघांना नक्की असणार. सगळ्या कोरसला ठाऊक होते. ग्रीक लोकांबद्दल माझे मत बदलले. मला वाटत होते की ते अतिशयोक्ती करतात.

दुपारी नाट्यगृहात जाऊन दाराला वर चार सुतांची आणि मध्ये दोन सुतांची चीप ठोकली. ठिगळ. डॉक्टर म्हणाले, झकास बसली कॅप.

गुरुवार, दि. १९

सकाळी चिरंजीवांच्या घराकडे निघालो. पट्टी पिशवीत. कोपऱ्यापर्यंत पोचलो. ते दारातच खोक्यांना दोरी बांधत होते. केस पुष्कळ पांढरे झाले आहेत. हे मला कोणी सांगितले नव्हते. पाठ माझ्यासारखी वाकू लागली आहे.

मी परत फिरलो.

नातीला सांगितले की मी विचारपूर्वक परत फिरलो. दोष नऊ माणसांदेखत दिला, तर कबुली एकांतात देणे बरोबर नाही. ती चारचौघांतच दिली पाहिजे. शनिवारी नाटक संपल्यावर मी रंगमंचावर येऊन बोलेन. चिरंजीवांना समोर बसव.

ती म्हणाली, "आजोबा, माझा राजाही साखळी सोडायची ठरवल्यावर आधी दरबार भरवतो. तेवढ्यात गलबत फुटतं."

मी म्हणालो, मी राजा नाही, आणि तुझ्या वडिलांच्या वाटेत समुद्र लागत नाही.

तरी ती म्हणाली, "आत्ता चला, मी येते बरोबर."

गेलो नाही.

शनिवार, दि. २१

प्रयोग चार वाजता. मी दाराच्या आत, अंधारात, खुर्चीवर. पुढून पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून ठरले होते की शेवटी राणीचे प्रेत गाड्यावरून उतरले की मला त्यावर बसवून बाहेर ढकलायचे. ग्रीक लोकांनी हा उपयोग योजला नसेल.

नाटक बरे झाले. ज्योतिषी खुर्चीला अडखळला नाही, कारण ती खुर्ची मी घेतली होती. राजाने "माझे माप चुकत नाही" म्हटले तेव्हा लोक शांत होते. मी नव्हतो. फटीतून पाहिले असते, पण फट मीच बुजविली होती.

मग दार उघडले, राणी गेली, राजा रडला, टाळ्या झाल्या. रिकामा गाडा आत आला. मी बसलो. ढकलणारा घाईत होता, गाडा उंबऱ्याला आदळला, गुडघ्यात कळ आली. मी म्हणालो, "हळू ढकल, गाढवा." मग बाहेर आलो. लोकांना वाटले, आणखी एक मेला.

कागद काढून वाचले. मी, वय अमुक, धंदा अमुक. अकरा वर्षांपूर्वी शाळेची चौदा दारे माझ्या पट्टीमुळे आखूड झाली. पट्टी माझ्याच कानशीने आखूड झाली. मी दोष माझ्या मुलाला दिला. त्याचे माप बरोबर होते. ते आजही बरोबर आहे. हे मी शुद्धीवर असताना सांगतो.

पट्टी वर धरून दाखविली. वर पाहिले. पहिल्या रांगेत मंडळी होत्या. त्यांच्या शेजारची, चिरंजीवांसाठी ठेवलेली खुर्ची रिकामी होती.

दोनशे माणसांना पट्टीचा निकाल कळला. ज्याचा होता त्याला नाही. नातीने मला सावध केले होते, हे येथे नमूद करतो.

रविवार, दि. २२

मंडळींनी ट्रंक बांधली. दोरीची गाठ मी मारून दिली.

सोमवार, दि. २३

सकाळी सात वाजता चिरंजीव नातीसह मंडळींना न्यायला आले. दारात उभे राहिले. मीही उभा. कोण आधी बोलणार, हा प्रश्न अकरा वर्षांचा असल्यामुळे थोडा वेळ गेला.

"बाबा, अकरा वर्षांनी पहिला शब्द बोललात, तोही गाढवा."

मला समजेना. नात म्हणाली, परवा प्रयोगात गाड्याचे चाक अडले होते. चिरंजीवांना पहिल्या रांगेतून उठवून अंधारातच आत नेले. शेवटपर्यंत गाडा तेच ढकलत होते. बाहेर आणल्यावरही माझ्यामागेच उभे होते. मी वळून पाहिले नाही.

"सगळं ऐकलं," चिरंजीव म्हणाले. मग खिशातून टेप काढली आणि तिच्याशी चाळा करीत म्हणाले, "तिकडच्या घराला दारं नाहीत. माप मी घेईन. कापायला येता?"

विचार करून कळवितो, असे मी सांगितले. मंडळींनी ट्रंक उघडली. वरच्या थरात माझे सदरे होते, इस्त्री केलेले.

समक्ष हजर: आमच्या मंडळी. नात. चिरंजीव. पट्टी हजर नाही. ती खुंटीवर ठेवून दार मी स्वतः ओढून घेतले.